व्यक्तिचित्र कोणाचं आणि कशासाठी?

गेल्या पावसाळ्यात, आम्ही ज्या वस्तीत काम करतो तिथल्या एका मावशींचं निधन झालं. चाळीस वर्षं लोकांच्या घरची धुणीभांडी केलेली बाई. वस्तीतलं महिला मंडळ ज्या चौघींनी उभं केलं त्यांच्यापैकी एक. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला फोटो हवा म्हणून घरच्यांनी पेटी उघडली. त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा फोटो नव्हताच, कारण त्या लग्नात फोटोवाला नव्हता. मुलांच्या लग्नाच्या अल्बममध्ये त्या होत्या, पण कुठे पाठमोऱ्या, कुठे पंगतीत वाढताना वाकलेल्या, कुठे कोणाच्या तरी खांद्याआड अर्ध्या. शेवटी सरकारी ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला. ताणलेली मान, मोठे केलेले डोळे, घट्ट मिटलेले ओठ. मुलगी तो फोटो बघून म्हणाली, "ही माझी आई वाटत नाही. ही कोणाला तरी घाबरलेली बाई आहे."

तिसरणं, पंचशील, वंदना सगळं नीट पार पडलं. पण ते वाक्य आमच्या डोक्यातून गेलं नाही. एका माणसाच्या साठ-पासष्ट वर्षांच्या आयुष्यात त्याच्याकडे कोणी नीट, थांबून पाहिलं आणि ते पाहणं जपून ठेवलं, असं एकदाही झालं नाही. झालं ते एकदाच, आणि तेही ओळख पटवण्यासाठी.

मित्रांनो, हा प्रश्न एका घराचा नाही. तुमच्या पणजीचा फोटो तुमच्या घरात आहे का? फोटो जाऊ द्या, तिचं नाव तुम्हाला ठाऊक आहे का? आम्ही एका युवक शिबिरात हे विचारलं तेव्हा हात मोजकेच वर गेले. ज्या घरांच्या भिंतींवर बुद्ध, बाबासाहेब, फुले, सावित्रीमाई सन्मानाने आहेत, त्याच घरांत आपली स्वतःची माणसं मात्र चेहऱ्याविना गेली. म्हणून आज व्यक्तिचित्राबद्दल बोलायचं आहे. हा विषय फक्त कलाशाळेतल्या मंडळींचा आहे असं समजून आपण तो सोडून दिला, ही आपली चूक झाली असं आमचं मत आहे.

कोणाचा चेहरा, कोणाचं नाव?

व्यक्तिचित्र ही फार काळ सत्तेची कला राहिली. तिला लागणाऱ्या गोष्टी बघा. चित्रकाराला द्यायला पैसा, तासन् तास स्थिर बसण्याएवढी फुरसत, आणि चित्र टांगायला स्वतःची भिंत. या तिन्ही गोष्टी आपल्या पूर्वजांकडे नव्हत्या. मुंबईत १८५७ साली जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि तिथून शिकून निघालेल्या चित्रकारांनी तैलरंगातली व्यक्तिचित्रं अप्रतिम काढली. पण काम मिळायचं ते संस्थानिकांचं, शेठ-सावकारांचं, साहेबांचं. आजही कुठल्याही जुन्या सभागृहात, ग्रंथालयात किंवा महाविद्यालयात जा. भिंतीवर देणगीदार दिसतील. त्या भिंतीच्या विटा वाहणारा दिसणार नाही.

आता जुन्नर तालुक्यातल्या नाणेघाटात चला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांनी तिथल्या लेण्यात राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती कोरून घेतल्या. सिमुक सातवाहन, राणी नागनिका, सातकर्णी, काही कुमार, एक महारठी. प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचं नाव कोरलं होतं. व्यक्तिचित्रांचं दालनच म्हणा. आज त्या मूर्ती फुटून गेल्या आहेत. वर नावं उरली, खाली पावलांच्या खुणा. चेहरे नाहीत, पण ती माणसं आपल्याला नावानिशी माहीत आहेत.

तसंच कार्ल्याच्या चैत्यगृहात. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. त्यांत फक्त राजे नाहीत. धेनुकाकटाचा सुतार आहे, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, भिक्षुणी आहेत. ज्या धम्माने जन्मावरून माणूस मोजला नाही, त्याच्या लेण्यात सुतारालाही नाव मिळालं. आणि भीमा कोरेगावच्या स्तंभावर पाहा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावं तिथे कोरलेली आहेत, त्यांत 'नाक' अशी अखेर असलेली आपल्या पूर्वजांची नावं आहेत. चेहरा एकाचाही नाही. तरी दरवर्षी लाखो लोक तिथे जातात. नाव कोरलं गेल्याची ही ताकद आहे.

याच्या बरोबर उलटं उदाहरण इंग्रजांच्या काळातलं. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड निघाले. त्यांत साडेचारशेहून अधिक छायाचित्रं आहेत. कॅमेऱ्यासमोर हाडामांसाचे स्त्री-पुरुष बसले, पण छायाचित्राखाली बहुतेक ठिकाणी लिहिलं गेलं ते जातीचं किंवा जमातीचं नाव. म्हणजे चेहरा उरला आणि माणूस गेला. त्या माणसाला आई होती, त्याचं काही म्हणणं होतं, याच्याशी पुस्तकाला घेणंदेणं नव्हतं. तो 'नमुना' होता. पुढे रिस्लेसारख्या अधिकाऱ्यांनी नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उतरंड 'शास्त्रीय' ठरवायला घेतली.

समाजशास्त्राच्या वर्गात हे सगळं आम्ही शिकलो. पण त्याला सणसणीत उत्तर कोणी दिलं ते तिथे कोणी ठासून सांगितलं नाही. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात तीच मोजमापं हातात घेतली आणि दाखवून दिलं, की नाकाच्या मापावरून ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगवेगळ्या वंशाचे ठरतच नाहीत. ज्या चेहऱ्यावर जात लिहिलेली आहे असं सांगितलं जात होतं, त्या चेहऱ्यावर जात नाही, हे त्यांनी त्यांच्याच आकड्यांनी सिद्ध केलं.

या दोन उदाहरणांतून आमची व्यक्तिचित्राची व्याख्या तयार होते. ज्यात चेहरा आणि नाव दोन्ही एकत्र आहेत, आणि ज्याचं चित्र आहे त्याची त्याला संमती आहे, ते व्यक्तिचित्र. नावाविना चेहरा म्हणजे नमुना.

नमुने अजूनही काढले जातात, आम्हीही काढले

इंग्रज गेले, पण नमुना करण्याची सवय गेली नाही. मोर्चाच्या बातमीत नेत्याचं नाव छापतात आणि बाकीचे 'उपस्थित जनसमुदाय'. गटारात उतरलेल्या कामगाराच्या फोटोखाली 'सफाई कामगार' एवढंच. दुसऱ्यांना कशाला बोलायचं? आम्ही सामाजिक कार्यकर्ते आहोत. अहवालासाठी आम्ही स्वतः असे फोटो काढले आहेत. 'शिवणयंत्र वाटप, लाभार्थी महिला.' शेंबूड आलेलं मूल जवळून टिपायचं, म्हणजे देणगीदाराला पाझर फुटतो, हे आम्हाला कोणीतरी शिकवलं आणि आम्ही ते केलं. त्या बाईंनी एकदा आम्हाला विचारलं होतं, "त्या पुस्तकात माझं नाव आलं का?" नाव आलं नव्हतं. यंत्राची कंपनी मात्र छापली होती. तेव्हा ज्याला आम्ही काम समजत होतो, ते 'द पीपल ऑफ इंडिया'चंच एक लहानसं पान होतं, हे आज कबूल केलं पाहिजे.

याहून भयंकर एक प्रकार आहे. आमच्या माणसांचे चेहरे अनेकदा ते मेल्यावरच लोकांसमोर येतात. खैरलांजी आठवा. २००६ मध्ये भोतमांगे कुटुंबाचं हत्याकांड झालं, आणि कित्येकांच्या मनात त्या कुटुंबाचं चित्र म्हणून मृतदेहांचे फोटोच उरले. पुरावा म्हणून, निषेध म्हणून ते फोटो लागले असतील. आम्ही त्यावर वाद घालत नाही. पण सुरेखाताई भोतमांगे जिवंतपणी कशा दिसत होत्या, प्रियंका शाळेत जाताना कशी दिसत असेल, हे किती कार्यकर्त्यांनी शोधलं? प्रेताचा फोटो अत्याचार करणाऱ्याचं काम दाखवतो. माणसाचं आयुष्य त्यात कुठेच नसतं.

याच्या शेजारी रोहित वेमुला ठेवून पाहा. १७ जानेवारी २०१६ नंतर देशभरच्या विद्यापीठांत जो चेहरा भिंतींवर आला, फलकांवर आला, तो जिवंत रोहितचा होता. विद्यार्थ्यांनी तो स्वतःच्या हातांनी काढला, नावासकट. त्या चेहऱ्याकडे बघून कीव येत नाही, प्रश्न पडतो. व्यक्तिचित्राने चळवळीसाठी काय करायचं असतं, ते त्या मुलांनी कुठल्याही कलाशाळेशिवाय दाखवून दिलं.

गोऱ्या रमाई आणि यंत्राचे बाबासाहेब

आता आपल्या मोबाइलमध्ये डोकावू. मागच्या काही जयंत्यांपासून कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रांचा पूर आला आहे. बाबासाहेब व्यायामशाळेतून आल्यासारखे पिळदार. रमाई गोऱ्यापान, अंगभर दागिने. सावित्रीमाई एखाद्या मालिकेतल्या नायिकेसारख्या. आपलीच मुलं ती बनवतात, आपणच ती पुढे पाठवतो, वर 'काय सुंदर चित्र आहे' असं लिहितो.

हेतू प्रेमाचाच आहे, यात शंका नाही. पण हे सौंदर्य कुठून आलं ते विचारायला हवं. हे यंत्र आधीच्या असंख्य चित्रांवरून शिकतं, आणि ज्यांची चित्रं जास्त त्यांच्या चेहऱ्याकडे झुकतं. आपल्या आया-बायांची चित्रं जगात मुळातच कमी. मग यंत्र भरपाई कुठून करणार? १८९४ साली मुंबईत रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाला, तेव्हापासून घराघरांत पोचलेल्या देवीच्या चेहऱ्यांपासून आजच्या जाहिरातींपर्यंत जो गोरा, भरल्या गालांचा, दागिन्यांनी मढलेला 'सुंदर' चेहरा ठरून गेला, तोच यंत्र रमाईंना चिकटवतं.

राजगृहातलं फेब्रुवारी १९३४ चं एक खरं छायाचित्र आहे. यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि बाबासाहेबांचा लाडका कुत्रा. त्यानंतर पंधरा महिन्यांनी, २७ मे १९३५ ला रमाई गेल्या. चार लेकरं गमावलेली, गरिबीत आणि आजारपणात झिजलेली ही बाई. त्यांचा खरा चेहरा म्हणजे त्यांनी मोजलेली किंमत आहे. तो चेहरा गुळगुळीत करायचा म्हणजे ती किंमत पुसायची. ज्या हातांनी कष्ट करून बाबासाहेबांचं शिक्षण तगवलं, त्या हातांत सोन्याच्या बांगड्या घालून आपण त्यांचा कोणता सन्मान करतो?

कोणी म्हणेल, चित्रच तर आहे, एवढं काय. तर इतिहास आठवा. वा. सी. बेंद्रे यांनी डच काळातलं अस्सल चित्र समोर आणेपर्यंत, शिवरायांचं म्हणून भलत्याच माणसाचं चित्र छापलं जात होतं आणि लोक त्यालाच हार घालत होते. चुकीचं चित्र एकदा भिंतीवर गेलं की ते उतरवायला पिढी लागते. आणखी तीस वर्षांनी आपली नातवंडं रमाई म्हणून कोणाला ओळखतील, हे आज आपण काय पुढे पाठवतो त्यावर ठरणार आहे.

ही व्यक्तिपूजा नाही का?

हा आक्षेप आपल्याच मित्रांकडून येतो आणि तो गंभीर आहे. आपण बौद्ध आहोत. बाबासाहेबांनी विभूतिपूजेविरुद्ध बजावलं. मग तसबिरींचा हा आग्रह कशाला?

बाबासाहेबांनी नेमकं काय बजावलं ते पाहू. १८ जानेवारी १९४३ ला पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांवर दिलेल्या भाषणात त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. थोर माणसाबद्दल आदर, कौतुक व्यक्त करणं ही एक, आणि त्याची आज्ञा डोळे मिटून पाळणं ही दुसरी. पहिलीत माणूस आपली बुद्धी गमावत नाही, दुसरीत गमावतो. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगितला तोही याच अर्थाने. म्हणजे कसोटी ही आहे: चित्रासमोर उभं राहिल्यावर आपण विचार करतो, की विचार बंद करतो?

आपल्या धम्माच्या इतिहासातही हा प्रश्न आहे. सांचीच्या तोरणांवर बुद्धांची मानवी आकृती नाही. रिकामं आसन आहे, बोधिवृक्ष आहे, पावलं आहेत, चक्र आहे. गांधार आणि मथुरेत बुद्धांचा चेहरा घडला तो नंतर. दोन्ही परंपरा आपल्याच आहेत. चेहरा नसला तरी धम्म होता, चेहरा आला तरी तो मार्ग दाखवण्यासाठी आला. मागणं मागण्यासाठी नव्हे.

खरी व्यक्तिपूजा बघायची असेल तर १४ एप्रिलच्या आठवड्यात चौकात या. तीस फुटी फ्लेक्स. कोपऱ्यात बाबासाहेब अंगठ्याएवढे. मध्ये गॉगल लावलेले भाऊ. खाली पासपोर्ट आकाराचे चाळीस शुभेच्छुक. यातल्या किती जणांनी वस्तीतल्या वृद्धांचा एक फोटो काढून ठेवला आहे? पैसा नाही म्हणू नका. एका फ्लेक्सच्या खर्चात कितीतरी छायाचित्रं चौकटीसह घराघरांत जातील.

दुसरा आक्षेप असा की नोकऱ्या जात आहेत, शिष्यवृत्त्या अडकल्या आहेत, अत्याचाराचे खटले रेंगाळले आहेत, अशा वेळी चित्रं काय काढत बसता? आमचं उत्तर: जे आपल्याला हक्क नाकारतात ते आधी आपल्याला चेहरा नाकारतात. 'लाभार्थी', 'जमाव', 'ते लोक' यांना नाही म्हणणं सोपं असतं. नाव-गावासह समोर उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणणं अवघड जातं. आणि भिंतीवरची जागासुद्धा लढूनच मिळते. ज्या मध्यवर्ती सभागृहात २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारलं गेलं, तिथे संविधानाच्या शिल्पकाराचं तैलचित्र लागायला १२ एप्रिल १९९० उजाडावं लागलं. चाळीस वर्षं! भिंत आपसूक जागा देत नाही.

मग करायचं काय?

वाट नवी नाही. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथासाठी गावोगावी फिरून आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधलं, त्यांना बोलतं केलं. त्या दोघी गेल्या नसत्या तर त्यातल्या कितीतरी बायका नावासकट पुसल्या गेल्या असत्या. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची छायाचित्रं वर्षानुवर्षं काढली. नागपूरच्या सवी सावरकरांनी अस्पृश्यतेचा अनुभव कॅनव्हासवर आणला. मुंबईचे विक्रांत भिसे चळवळीचे चेहरे रंगवत आहेत. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी 'भीमायन'मध्ये बाबासाहेबांचं आयुष्य आपल्या आदिवासी शैलीत चितारलं. तिथे बाबासाहेब हुबेहूब फोटोसारखे नाहीत, तरी कुठेही खोटे वाटत नाहीत. यंत्राच्या गुळगुळीत चित्रात आणि यात हाच फरक आहे. व्यामांनी आपली नजर दिली. यंत्राकडे द्यायला नजर नसते.

पण कलावंतांवर सगळं सोपवून चालणार नाही. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर हजारो माणसं गेली. त्यातले किती चेहरे आज आपल्याकडे आहेत? नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेली माणसं मात्र अजून आपल्यात आहेत. ती जाण्याआधी त्यांच्यासमोर बसलं पाहिजे.

म्हणून आमचा प्रस्ताव साधा आहे. प्रत्येक विहाराने वर्षाला वस्तीतल्या पंचवीस माणसांची व्यक्तिचित्रं करावीत. हाती चित्रकार असेल तर चित्र, नसेल तर मोबाइलचा फोटो. मात्र काही नियम पाळावेत.

माणसाला आधी विचारा. नको म्हणाला तर नको. आल्या आल्या कॅमेरा काढू नका. चहा घ्या, तासभर बोला. उन्हात उभं करू नका, दाराजवळच्या सावलीतल्या उजेडात बसवा. त्यांना हवं ते लुगडं, हवा तो चष्मा, हवी ती जागा त्यांनीच निवडावी. हात चित्रात येऊ द्या, कारण आपल्या माणसांचं चरित्र हातांवर लिहिलेलं असतं. रंग उजळू नका, सुरकुत्या पुसू नका. चित्राच्या मागे पूर्ण नाव लिहा, आईचं नाव, गाव, केलेली कामं, चळवळीतली आठवण आणि तारीख. पहिली प्रत त्यांच्या घरी, दुसरी विहारात. आणि ६ डिसेंबरची वाट पाहू नका. माणूस जिवंत असताना त्याच्याच हस्ते त्याचं चित्र लावा.

त्या मावशींचं राहिलेलं सांगतो. वस्तीत पाट्या रंगवणारा एक मुलगा आहे. ओळखपत्राचा फोटो समोर ठेवून तो मावशींच्या तीन मैत्रिणींमध्ये बसला आणि विचारत गेला. हसताना कशा दिसायच्या? पदर कसा घ्यायच्या? चिडल्या की काय करायच्या? तिघींची भांडणं झाली, एक म्हणे भुवई अशी, दुसरी म्हणे तशी. दोन रविवार गेले. कोळशाने काढलेलं ते चित्र शास्त्रशुद्ध नसेल. एक कान किंचित मोठा झाला आहे. पण मुलीने ते पाहिलं आणि म्हणाली, "हां. आता ही कोणाला घाबरत नाही."

मावशींचं नाव आम्ही इथे लिहीत नाही, कारण इथे लिहायची परवानगी त्यांच्या घरच्यांकडून घेतलेली नाही. विहारात चित्राखाली ते पूर्ण लिहिलेलं आहे. त्यांच्या आईच्या नावासह.

तुमच्या वस्तीत कोणाचं चित्र राहिलं आहे? या रविवारी जाऊन विचारा.

जय भीम! नमो बुद्धाय!